एवढेही येत नाही?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे आली. बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडील गोदामात हमाली करतात, आई शिलाईचे काम घरी आणते. घरात एक जुना लॅपटॉप आहे, तोही हप्त्यावर घेतलेला. मुलगी हुशार. दहावीपासून आमच्या अभ्यासिकेत बसते आणि कंदील विझवायची पाळी तिचीच, असे आम्ही गमतीने म्हणत असतो. त्या दिवशी मात्र ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी कोर्स बदलू का? बी.ए.ला नाव टाकलं तर वर्ष वाया जाईल का?"

आम्ही तिला आत बसवले. घरच्यांनी चहा ठेवला. हळूहळू सारे बाहेर आले.

तिला सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहायचा होता. मुलांचे गुण घालायचे आणि संगणकाने टक्केवारी काढून द्यायची, एवढेच काम. ६० पैकी ४५ गुण. आपण कागदावर मांडतो तसेच तिने मांडले : ४५ भागिले ६०, आणि आलेल्या उत्तराला गुणिले १००. संगणकाने उत्तर दिले, शून्य. ५२ गुणवाल्याला शून्य. ५९ गुणवाल्यालाही शून्य. ज्याला ६० पैकी ६० त्याला मात्र पुरते १००. रात्री एक वाजेपर्यंत ती आकडे बदलून बघत होती. शेवटी टेलिग्रामवरच्या एका गटात तिने प्रश्न टाकला. त्या गटात चारएकशे मुले-मुली आहेत. काही तिच्यासारखी शिकणारी, काही नोकरीला लागलेली.

सकाळी उठून पाहते तो खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. एकाने लिहिले होते, आधी गूगल कर. दुसऱ्याने लिहिले होते, पाचवीचे गणित येत नाही आणि प्रोग्रॅमर व्हायला निघाली. तिसऱ्याचे तीनच शब्द : एवढंही येत नाही? मग गट चालवणाऱ्याने 'असले प्रश्न इथे नकोत' म्हणून तो प्रश्नच पुसून टाकला. चारशे माणसांत उत्तर एकानेही दिले नाही.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. प्रोग्रॅमिंगमधले आम्हाला काही कळत नाही. म्हणून ओळखीच्या एका मुलाला फोन लावला; तो एका कंपनीत हेच काम करतो. त्याने दोन मिनिटांत उलगडा केला. सी भाषेत पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागले की उत्तरही पूर्ण संख्याच येते, अपूर्णांक गळून पडतो. ४५ भागिले ६० म्हणजे पाऊण. त्यातला पाऊण गळाला, उरले शून्य. शून्याला शंभराने गुणा नाहीतर लाखाने, ते शून्यच. आधी ४५ ला १०० ने गुणून मग ६० ने भागले तर बरोबर ७५ येतात. किंवा त्या १०० च्या पुढे दशांश चिन्ह देऊन १००.० लिहावे आणि गुणाकार आधी करावा, म्हणजे साडेत्र्याहत्तर टक्के असतील तर तो अर्धाही हाती लागतो.

हे ऐकताच आम्हाला आमचे ऑफिस आठवले. बिल तयार करताना दर ओळीला पैसे सोडून दिले तर शेवटच्या बेरजेत किती तफावत पडते हे हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारा. पैसे सोडायचे ते एकदाच, सर्वांत शेवटी. मुलीचा प्रश्न पाचवीच्या गणिताचा नव्हताच. गणित तिचे बरोबर होते. यंत्र अपूर्णांक कुठे टाकून देते, हा तो प्रश्न होता. आणि तो प्रोग्रॅमिंगच्या अगदी गाभ्यातला आहे.

मग हसणारे का हसले? ते काही दुष्ट नसावेत. त्यातल्या निम्म्यांनी वर्षभरापूर्वी हाच शून्य पाहिलेला असेल. आम्ही चार ठिकाणी विचारपूस केली, थोडे वाचनही केले. तेव्हा कळले, की ही खोड आपल्या पोरांची नव्हे. ती या धंद्याबरोबरच जन्माला आली आहे आणि बाहेरून इथे आली आहे.

अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस नावाचे तज्ज्ञ होते. १९५७ मध्ये आलेली फोरट्रान ही भाषा त्यांच्या पुढाकाराने तयार झाली. त्याआधी संगणकाला हुकूम द्यायचा तर नुसत्या आकड्यांच्या आणि सांकेतिक खुणांच्या भाषेत द्यावा लागे, आणि ते जमणारी माणसे मोजकी. बॅकस यांनी पुढे त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. त्यात ते म्हणतात, की त्या काळचे प्रोग्रॅमर स्वतःला पुरोहितवर्ग समजत. सामान्य माणसाला न झेपणारी गुह्ये आपण जतन करतो अशी त्यांची समजूत होती, आणि हे काम सोपे करू पाहणाऱ्यांकडे ते संशयाने पाहत. वाचकहो, 'पुरोहितवर्ग' हा शब्द आम्ही पदरचा घातलेला नाही. तो बॅकस यांचा आहे.

ग्रेस हॉपर या बाईंचा अनुभव वेगळा नव्हता. १९५२ च्या सुमारास त्यांनी संगणकाकडूनच संगणकाचा प्रोग्रॅम जुळवून घेण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली, तर लोक म्हणाले, संगणक फक्त आकडेमोड करतो, हे असले काही करू शकत नाही. बाई हटल्या नाहीत. हिशेब ठेवणाऱ्या साध्या माणसाला वाचता येतील अशा इंग्रजी शब्दांत हुकूम लिहिता आले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच पुढे कोबोल ही भाषा आली. कोबोल म्हणजे खास आम्हा पगारपत्रकवाल्यांची भाषा, असे म्हणायला हरकत नाही.

आणि १९६४ साली अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा काढली. तिच्या नावातले पहिले अक्षर 'नवशिक्यांची' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आहे. विज्ञानाच्याच नव्हे, इतिहास आणि साहित्य शिकणाऱ्या मुलांनाही संगणकावर बसता यावे हा त्यांचा हेतू. पुढे लाखो लोकांनी संगणकाचा श्रीगणेशा, म्हणजे पहिला धडा, याच भाषेत गिरवला. पण १९७५ मध्ये डायक्स्ट्रा या मोठ्या डच शास्त्रज्ञाने लिहून ठेवले, की बेसिक शिकलेल्या मुलांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य, त्यांची बुद्धी कायमची पंगू झालेली असते. माणूस विद्वान, त्याचे काम थोर. तरी ज्या दारातून गरीब मुलगा आत येतो त्या दारावर थुंकण्याची बुद्धी विद्वानालाही होते, ती अशी. ती मुले पुढे पंगू ठरली नाहीत, हे सगळ्या जगाने पाहिले.

मग संगणक एकमेकांना जोडले गेले आणि प्रश्नोत्तरे तारेवरून होऊ लागली. युजनेट नावाचे एक चर्चेचे जाळे विद्यापीठांतून चाले. दर सप्टेंबरला कॉलेजे उघडत, नवी मुले येत, भलतेसलते विचारत, जुनी मंडळी वैतागत. महिन्या-दोन महिन्यांत नवी मुले रीत शिकून जुन्यांत मिसळून जात. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या सामान्य गिऱ्हाइकांना या जाळ्यात सोडले. तेव्हा जुन्या लोकांनी त्या काळाला नाव ठेवले, 'कधीच न संपणारा सप्टेंबर'. नवखा माणूस म्हणजे पूर, म्हणजे आपत्ती! आपण ज्या वर्षी आलो त्या वर्षीचा सप्टेंबर मात्र प्रत्येकाला गोड वाटत असतो.

याच जगात चार इंग्रजी अक्षरांचे एक उत्तर रूढ झाले. त्याचा अर्थ 'पुस्तिका वाच', आणि मधल्या अक्षरात एक शिवी.

इथे आम्हाला थांबावे लागते, कारण ते उत्तर आम्हीही दिलेले आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी आमची नेमणूक खिडकीवर होती. फॉर्म घ्यायचे, तपासायचे, शिक्का मारायचा. दिवसाला दोनशे माणसे. बाहेर मोठा बोर्ड : कोणती कागदपत्रे, किती प्रती, सही कुठे. तरी प्रत्येकजण तेच विचारणार. एके दिवशी दुपारी तीन वाजता एका वयस्क बाईने विचारले, "दादा, यात काय काय लावायचं?" आम्ही मान वर न करता म्हणालो, "बोर्ड वाचता येत नाही का?" बाई म्हणाली, "नाही येत, दादा." एवढेच म्हणाली. मागे रांगेत कोणी हसले नाही. आम्ही तिचा फॉर्म भरून दिला, पण ते वाक्य काही परत घेता आले नाही.

म्हणून त्या टेलिग्रामवाल्या पोरांवर आम्ही फार दात-ओठ खात नाही. उत्तर देणाऱ्यालाही बाजू असते. आम्हाला निदान पगार होता. प्रोग्रॅमिंगच्या जगात उत्तरे देणारी बहुतेक माणसे आपली नोकरी सांभाळून, रात्रीच्या वेळी, फुकट उत्तरे देतात. आमच्या मुलीचीही चूक होती. तिने पडद्याचा तिरपा फोटो काढून टाकला होता, त्यातली अक्षरे दिसत नव्हती, आणि खाली 'सर प्लीज, अर्जंट' एवढेच. काय लिहिले, काय उत्तर यायला हवे होते, काय आले, आपण काय काय करून पाहिले, हे चार वाक्यांत सांगितले असते तर उत्तर देणाऱ्याचे काम सोपे झाले असते. प्रश्न विचारणे हे शिकावे लागते. पण ते शिकवायचे कुणी? आणि हसून ते शिकवले जाते का?

स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे जगातले सर्वांत नावाजलेले प्रश्नोत्तरांचे ठिकाण घ्या. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी ते २००८ मध्ये सुरू केले. आज पोटापाण्याला लागलेला क्वचितच एखादा प्रोग्रॅमर असेल की ज्याने तिथले उत्तर कधी वापरले नाही. तिथे चांगल्या उत्तराला गुण मिळत, आणि गुणांप्रमाणे अधिकार. पुष्कळ वर्षे असा नियम होता, की दुसऱ्याच्या लिखाणाखाली साधा शेरा लिहायचा तर ५० गुण हवेत, कुणाला चांगले म्हणायचे तर १५. म्हणजे नवखा माणूस प्रश्न विचारू शके, उत्तरही देऊ शके, पण "भाऊ, ही ओळ मला समजली नाही, जरा सांगता का" एवढे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराखाली लिहू शकत नसे. आणि त्याचा प्रश्न आधी कुणी विचारलेला निघाला तर जुनी मंडळी मते देऊन तो बंद करत.

यामागे तत्त्व होते. ते ठिकाण म्हणजे मदतकेंद्र नव्हे, पुढे येणाऱ्या हजारोंसाठी उत्तरांचा साठा आहे, त्यात कचरा नको, अशी चालकांची भूमिका. साठा खरोखर मोठा झाला. पण रडकुंडीला आलेल्या माणसाला तो साठ्याचा भाग आहे हे कसे कळावे? त्याला फक्त बंद दार दिसले. एप्रिल २०१८ मध्ये त्या कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहिले, की आमचे ठिकाण पुष्कळांना परके वाटते, विशेषतः नवशिक्यांना, स्त्रियांना, कृष्णवर्णीयांना आणि कडेला राहिलेल्या इतरांना. त्याच वर्षी त्यांनी वागणुकीची नवी नियमावली आणली आणि नव्या माणसाच्या नावाशेजारी 'हा नवा आहे' अशी खूण सुरू केली. आगगाडीच्या डब्यात लेकुरवाळी बाई चढली की दोन माणसे आपोआप सरकतात, तशी अपेक्षा.

भाषेचे तर बोलायलाच नको. ते मुख्य ठिकाण इंग्रजीतच. पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश भाषांसाठी वेगळी ठिकाणे काढली गेली. मराठीचे काय, हिंदीचेही काढले गेले नाही. आपली मुलगी आधी मनात मराठीत विचार करते, मग त्याचे मोडके इंग्रजी करते, आणि लोक तिचे व्याकरण बघून तिची अक्कल मोजतात.

लिनक्सची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहोत, कुणाला काय हवे ते सांगा, असे नम्रपणे कळवले. पुढच्याच जानेवारीत टॅनेनबॉम या नामवंत प्राध्यापकांनी त्याला जाहीरपणे सुनावले, की तुझे काम कालबाह्य आहे, माझा विद्यार्थी असतास तर चांगले गुण मिळाले नसते. पोराने तेवढ्याच जोराने उत्तर दिले आणि काम चालू ठेवले. आज जगातले असंख्य संगणक आणि आपल्या खिशातले अँड्रॉइड फोन त्या कामावर उभे आहेत. पण तोच टोरवाल्ड्स मोठा झाल्यावर लोकांच्या कामावर इतके कडक शब्द वापरू लागला, की चांगली माणसे कंटाळून निघून गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे काम बाजूला ठेवले. सासुरवास सोसलेली सून पुढे स्वतः सासू होते, तो प्रकार फिनलंडातही आहे म्हणायचा.

आता त्या शून्याकडे परत येऊ. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात रँडी पाउश यांच्या मार्गदर्शनाखाली 'अ‍ॅलिस' नावाचा एक प्रकल्प चालला होता. कधीही प्रोग्रॅम न लिहिलेल्या मुलांना पायथन भाषेतून पडद्यावर चित्रे हलवायला शिकवायची, असे ते काम. त्या लोकांनी मुलांना हसण्याऐवजी मुले कुठे अडखळतात ते बसून पाहिले. मुले दोन जागी हमखास अडखळत. एक, इंग्रजीतली लहान आणि मोठी अक्षरे. दुसरी, एक भागिले दोन. पायथनही तेव्हा सी सारखेच त्याचे उत्तर शून्य देई. प्रकल्पवाल्यांनी आपल्या मुलांसाठी तो भागाकारच बदलून घेतला. पायथनचे कर्ते गीदो व्हान रॉसम यांनाही ही अडचण पटली. २००१ मध्ये बदलाचा प्रस्ताव मान्य झाला, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ पासून ४५ भागिले ६० चे उत्तर सरळ पाऊण येते. म्हणजे ज्या प्रश्नावर आमच्या मुलीला पाचवीत बसवले, तोच प्रश्न अडाणी समजल्या गेलेल्या मुलांना पडला होता म्हणून जगातल्या एका मोठ्या भाषेचा नियम बदलला. तिथे कुणी "एवढेही येत नाही?" म्हणाला असता तर ते शून्य आजही तसेच राहिले असते.

न्यूयॉर्कला २०११ मध्ये सुरू झालेली, आता रिकर्स सेंटर या नावाने चालणारी प्रोग्रॅमरांची एक शिकण्याची जागा आहे. तिथे मोजके नियम आहेत. त्यातला एक असा, की कुणाला एखादी गोष्ट माहीत नसेल तर खोटे आश्चर्य दाखवायचे नाही. म्हणजे "काय! हे माहीत नाही?" असे म्हणायला बंदी. दुसरा नियम असा, की बोलणाऱ्याची मुद्द्याला न लागणारी बारीक चूक काढून त्याला अडवायचे नाही. नियम मोडला तर मोठी शिक्षा नाही. लक्षात आणून द्यायचे, चुकणाऱ्याने 'चुकलो' म्हणायचे, काम पुढे. आम्हाला हा पहिला नियम फार पटला. त्या आश्चर्यातून समोरच्याला काहीही शिकायला मिळत नाही. फक्त आपल्याला येते एवढे सर्वांना कळते. २०१४ मध्ये दोन पोलिश तरुणींनी बर्लिनला 'जँगो गर्ल्स' नावाने मुलींची फुकट शिबिरे सुरू केली, तीही छोट्या छोट्या गटांत, प्रत्येक गटाशेजारी एक जाणती व्यक्ती बसवून. पुढे ती देशोदेशी गेली. माणूस शेजारी बसला की निम्मी भीती जाते.

कुणी म्हणेल, आता हे सारे जुने झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, मुले त्यालाच विचारतात, ते हसत नाही. खरे आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे प्रश्न त्यानंतर खूपच घटले, आणि त्यात नुसती सोय नाही, जुना अपमानही आहे असे आम्हाला वाटते. पण त्याच डिसेंबरात स्टॅक ओव्हरफ्लोने त्या यंत्राची उत्तरे आपल्याकडे टाकायला मनाई केली होती, कारण ती दिसायला नेटकी आणि पुष्कळदा चुकीची असत. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत. तरी उत्तर चुकले तर ते ओळखायचे कसे, हे जाणत्याला जमते; नवख्याला तेच तर येत नसते. शिवाय यंत्र कुणाच्या कंपनीत ओळख करून देत नाही, की मुलाखतीला जाताना सोबत येत नाही. आपल्या मुलांना ज्या ओळखी लागतात त्या या गटांतूनच मिळायच्या आहेत.

आमच्या ऑफिसात २००४ साली, आम्ही एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेऊन नवे लागलो तेव्हा, एक गृहस्थ पगारबिल करताना संगणकाचा पडदा भिंतीकडे फिरवून बसत. कुणी पाहू नये म्हणून. दुसरे एक होते, ते विचारले की आमच्या हातातून माउस काढून घेत आणि टकटक करून काम संपवून देत. मनाने फार चांगले. पण त्यांच्याकडून आम्ही काहीच शिकलो नाही. शिकलो ते एका शिपाईबाईंकडून. त्यांना पाहून पाहून सगळे येत होते. त्या मागे उभ्या राहत आणि म्हणत, "साहेब, तुम्हीच दाबा."

तर मुलीने तूर्त बी.ए.चा विषय सोडला आहे. ओळखीचा तो मुलगा दर रविवारी चार वाजता अभ्यासिकेत येतो. माउसला हात लावायचा नाही, ही अट आम्ही त्याला आधीच घातली. दोघेच होते, आता पाच जण बसतात. त्यातला एक आय.टी.आय.चा आहे. त्याचा संगणकाशी संबंध नाही, नुसता ऐकतो. टेलिग्रामचा गट तिने सोडलेला नाही. परवा तिथे एका मुलाने विचारले, माझी टक्केवारी शून्य का येते? तिरपा फोटो, अक्षरे दिसत नाहीत, खाली 'अर्जंट'. आमची बया तासभर फोन हातात धरून बसली होती. शेवटी तिने लिहिले की लिहिले नाही, ते आम्ही विचारले नाही.

येत्या रविवारसाठी तिने दोन प्रश्न वहीत लिहून ठेवले आहेत. आम्हाला दाखवले. एकही कळला नाही.